लुप्त नदीचा भूमार्ग : घग्गर-हाकड्याच्या काठचे तीन प्रवासी

इ. स. १९३८ आणि १९३९ या दोन वर्षांत सर ऑरेल स्टाईन यांनी इराक व ट्रान्सजॉर्डन येथील रोमन सरहद्दीची पाहणी केली, ती ब्रिटिश हवाई दलाच्या विमानांतून. वाळवंटात विखुरलेल्या चौक्या, किल्ले व सडका यांची रेघ त्यांनी आकाशातून न्याहाळली, तिची छायाचित्रे घेतली आणि वरून जे दिसले ते खाली उतरून पडताळून पाहिले. पुढच्याच वर्षीच्या, म्हणजे १९४०-४१ च्या हिवाळ्यात ते बिकानेर आणि बहावलपूर या संस्थानांतील घग्गर-हाकड्याच्या कोरड्या पात्रात उतरले. या वेळी त्यांचे वय ७८ वर्षांचे होते. विमानाचे सामर्थ्य त्यांच्याइतके जवळून पाहिलेला पुराणवस्तुसंशोधक त्या काळी विरळाच. तरी ही शोधयात्रा त्यांनी आरंभापासून अखेरपर्यंत भूमार्गाने केली. युद्धाचे दिवस होते, विमाने अन्यत्र गुंतलेली होती, हे कारण सहज सुचते आणि ते खोटे म्हणण्याचे प्रयोजन नाही. परंतु तेवढ्याने प्रश्न मिटत नाही. कारण याच नदीवर स्टाईन यांच्यापूर्वी एक आणि त्यांच्यानंतर एक असे जे दोन मोठे शोधक होऊन गेले, त्यांच्याही पदरी जे पडले ते जमिनीलगत राहिल्यामुळेच पडले. या नदीचा पुरावा कोणत्या जातीचा आहे, हे ध्यानी घेतल्याशिवाय त्याचा उलगडा होत नाही.

आकाशातून केलेल्या पुरातत्त्वीय निरीक्षणाचा पाया दोन महायुद्धांच्या मधल्या काळात घातला गेला. इंग्लंडात क्रॉफर्ड व कीलर यांचा वेसेक्स प्रांताच्या हवाई छायाचित्रांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिरियातील रोमन सरहद्दीवर फ्रेंच धर्मगुरू प्वादबार यांनी तशाच पद्धतीने केलेले काम १९३४ मध्ये पुढे आले. दोन्ही ठिकाणी जे शोधावयाचे होते ते आकृतिबद्ध होते. तटबंदी, खंदक, सरळ सडक, चौकोनी छावणी यांचा आराखडा जमिनीवर उभे राहून कळत नाही. उंचीवरून तो एका दृष्टिक्षेपात कळतो. घग्गरच्या काठी मात्र मातीची टेकाडे आहेत आणि त्यांवर खापरे पसरलेली आहेत. वरून पाहिले असता चार हजार वर्षांपूर्वीचे टेकाड आणि चारशे वर्षांपूर्वी उजाड झालेल्या गावाचे टेकाड यांत भेद करता येत नाही. तो भेद खापराच्या रंगात, पोतात आणि काठाच्या घडणीत असतो. खापर हातात घ्यावे लागते, उलटून पाहावे लागते. त्यासाठी वाकावे लागते, एवढाच याचा अर्थ.

नदीची भौगोलिक स्थिती थोडक्यात सांगितली पाहिजे. घग्गर शिवालिकच्या टेकड्यांत उगम पावते, पंजाब व हरियाणातून वाहत राजस्थानच्या उत्तर टोकाला येते आणि तेथे पावसाळ्याव्यतिरिक्त तिच्यात पाणी नसते. अनूपगढच्या पलीकडे, आजच्या पाकिस्तानातील चोलिस्तान वाळवंटात, हेच पात्र हाकडा या नावाने ओळखले जाते. प्रवाह क्षीण, पण पात्र मात्र कित्येक ठिकाणी दोन ते चार मैल रुंद. एवढ्याशा पाण्याला एवढे पात्र कशासाठी, या विसंगतीनेच एकोणिसाव्या शतकातील अधिकारी मंडळींचे लक्ष वेधले. लष्करी शल्यचिकित्सक सी. एफ. ओल्डम यांनी १८७४ मध्ये आणि पुन्हा १८९३ मध्ये या लुप्त नदीवर सविस्तर लिहिले. त्याही आधी, १८४४ मध्ये, मॅकेसन या अधिकाऱ्याचे सिरसा ते बहावलपूर या वाटेविषयीचे प्रतिवेदन प्रसिद्ध झाले होते. त्याला प्राचीन वसाहतींचे कुतूहल नव्हते; त्याला रस्ता हवा होता. दोन्ही बाजूंना वाळूच्या टेकड्या आणि मध्ये कठीण, सपाट, चिकणमातीची पट्टी, अशी या पात्राची रचना असल्यामुळे कोरडी नदी हीच वाळवंटातील उत्तम सडक ठरते. जेथे विहिरीचे पाणी गोड तेथे मुक्काम, आणि जेथे आज मुक्काम तेथेच जवळपास जुनी वस्ती. प्रवाशाची गरज आणि प्राचीन वस्तीची गरज येथे एकच होती. या नदीच्या काठाने चालणारा माणूस पुरावा शोधण्यापूर्वीच त्याच्या मधोमध उभा असतो.

लुईजी पिओ टेस्सितोरी हे मूळचे पुराणवस्तुसंशोधक नव्हते. ते भाषाशास्त्रज्ञ होते. इटलीतील ऊदिने येथे १३ डिसेंबर १८८७ रोजी त्यांचा जन्म झाला. फ्लॉरेन्स येथे तुलसीदासांचे रामचरितमानस आणि वाल्मीकिरामायण यांच्या तुलनेवर त्यांनी प्रबंध लिहिला. ‘इंडियन अँटिक्वरी’मध्ये १९१४ ते १९१६ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेली त्यांची जुन्या पश्चिमी राजस्थानीच्या व्याकरणावरील टिपणे हे त्या भाषेचे पहिले शास्त्रीय विवेचन होय. गुजराती व मारवाडी या आज वेगळ्या भासणाऱ्या भाषांचे एकेकाळचे समान रूप त्यांनी या टिपणांत उभे केले. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाच्या अभ्यासकाला झ्यूल ब्लॉक यांचे जे स्थान, तेच राजस्थानी-गुजरातीच्या अभ्यासकाला टेस्सितोरी यांचे, असे म्हणावयास हरकत नाही. १९१४ मध्ये ते हिंदुस्थानात आले. राजपुतान्यातील चारण-भाटांच्या काव्याची हस्तलिखिते व ऐतिहासिक साधने यांची पाहणी करण्याचे एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालचे काम त्यांच्याकडे होते. ग्रियर्सन यांचा त्यांच्या कामाला पाठिंबा होता. आरंभी जोधपूर आणि पुढे बिकानेर हे त्यांच्या कामाचे केंद्र झाले.

हस्तलिखिते शोधण्यासाठी गावोगाव हिंडावे लागते. बिकानेर संस्थानात हे हिंडणे उंटावरून होत असे. गावातल्या चारणाकडे पोथी मागावी, त्याच्या तोंडून वंशावळ ऐकावी, जवळच्या छत्रीवरचा वा देवळावरचा लेख उतरून घ्यावा, आणि कोणी सांगितले की पलीकडे एक जुने टेकाड आहे, तर तेही पाहून यावे, असा हा क्रम. भाषेचा शोध व टेकाडांचा शोध हे टेस्सितोरींच्या बाबतीत एकाच प्रवासाचे दोन भाग होते. पल्लू येथील संगमरवरी सरस्वतीच्या दोन प्रसिद्ध जैन मूर्ती त्यांच्यामुळे प्रकाशात आल्या. त्यांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुरतगढजवळील रंगमहल आणि आसपासची ठिकाणे यांतून त्यांनी मृण्मय शिल्पे गोळा केली. याच फिरतीत ते घग्गरच्या डाव्या तीरावरील कालीबंगा येथे पोहोचले.

येथे नावाविषयी थोडे लिहिणे अवश्य आहे. ‘काली बंगा’ म्हणजे काळ्या बांगड्या. टेकाडाच्या पृष्ठभागावर मृण्मय बांगड्यांचे असंख्य काळपट तुकडे विखुरलेले होते, त्यावरून लोकांनी हे नाव दिले. मराठी कानाला यातील ‘बांगडी’ ऐकू येण्यास भाष्याची गरज नाही. म्हणजे ज्या वस्तूंवरून स्थळाचे प्राचीनत्व अजमावता येते त्याच वस्तूंचा निर्देश स्थळाच्या नावात होता. भोवतालच्या शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनी पृष्ठभागाची पाहणी केव्हाच केली होती, तिचे प्रतिवेदन तेवढे एका शब्दाचे होते. जुन्या वस्तीच्या टेकाडाला या प्रदेशात ‘थेड’, तर पलीकडे बहावलपूरकडे ‘थेर’ म्हणतात. संधनावाला थेर, कुडवाला थेर अशी स्थलनामे पुढे संशोधनाच्या वाङ्मयात जशीच्या तशी रूढ झाली. महाराष्ट्रात हेच काम ‘पांढर’ हा शब्द करतो. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हा भेद आपल्या खेडुतांनी मातीच्या रंगावरून केला, आणि दख्खनमधील कित्येक ताम्रपाषाणयुगीन स्थळे ‘पांढरीचे टेकाड’ या नावाखालीच संशोधकांना भेटली. असे शब्द नकाशात क्वचितच येतात. ते विचारावे लागतात, आणि विचारण्यासाठी थांबावे लागते. प्रवासाचे साधन जितके वेगवान तितके थांबणे कमी; आणि विमान तर मध्ये थांबतच नाही.

कालीबंगा येथे टेस्सितोरींना ज्या वस्तू मिळाल्या त्यांत मुद्रा होत्या, आणि त्यांवरील चिन्हे कोणत्याही परिचित लिपीतील नव्हती. हडप्पा येथील एक मुद्रा कनिंगहॅम यांनी पूर्वीच प्रसिद्ध केली होती; परंतु सिंधुसंस्कृती नावाची काही गोष्ट अस्तित्वात होती, हे तेव्हा जगाला ठाऊक नव्हते. या वस्तू प्रागैतिहासिक असाव्यात, असा टेस्सितोरींचा तर्क होता आणि त्याविषयी ग्रियर्सन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारही झाला. १९१९ मध्ये आईच्या आजारपणामुळे ते इटलीला गेले; परतीच्या प्रवासात आजारी पडले आणि २२ नोव्हेंबर १९१९ रोजी बिकानेर येथे, वयाची बत्तीस वर्षे पूर्ण होण्याच्या आधीच, मृत्यू पावले. मुद्रांचा विषय तेथेच खुंटला. मार्शल यांनी हडप्पा व मोहेंजोदडो येथील शोधांची वार्ता जगाला दिली ती १९२४ च्या सप्टेंबरमध्ये. मधल्या पाच वर्षांत ते पत्र योग्य हाती पडून त्यावर कृती झाली असती, तर या संस्कृतीला कोणत्या नदीचे नाव मिळाले असते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा विचारात फार काळ रमू नये, हेही खरे.

टेस्सितोरींच्या पाहणीचे आणखी एक मोल आहे, जे त्यांना स्वतःला कळणे शक्य नव्हते. १९२७ मध्ये महाराजा गंगासिंह यांच्या कारकिर्दीत गंग कालवा सुरू झाला आणि सतलजचे पाणी बिकानेरच्या उत्तर भागात खेळू लागले. पुढे राजस्थान कालवा आला. ओसाड पट्ट्यात शेते उभी राहिली, आणि शेत सपाट करावयाचे तर टेकाड आड येते. टेस्सितोरींनी पाहिलेला प्रदेश कालव्यापूर्वीचा होता. आजचे उपग्रह ज्या जमिनीचे चित्र घेतात, ती नांगरलेली, बांध घातलेली आणि पाटांनी विभागलेली जमीन आहे. टेकाडांना दुसराही शत्रू होता, आणि तो चाकांवरून आला. हडप्पा येथील विटा लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी वापरल्या गेल्या. शंभर मैल मार्गाला पुरतील एवढ्या त्या होत्या, असे कनिंगहॅम यांनी नमूद केले आहे. भूमार्गाचे गोडवे गाताना ही गोष्ट विसरून चालणार नाही.

स्टाईन यांच्या शोधयात्रेची पद्धत वेगळी. टेस्सितोरी गावाकडून टेकाडाकडे गेले. स्टाईन पात्र धरून टेकाडामागून टेकाड पाहत पश्चिमेकडे सरकत गेले. त्यांचा प्रश्न भूगोलाचा होता : पाणी कोठपर्यंत आणि कोणत्या काळापर्यंत पोहोचत होते? त्याचे उत्तर त्यांनी वस्त्यांच्या क्रमात शोधले. एका टेकाडापासून पुढच्या टेकाडापर्यंतचे अंतर आणि काठावरील वस्तीचा काळ यांची सांगड घातली, तर पाणी मागे हटत गेल्याची कहाणी हाती येते. अंतर हाच येथे पुरावा आहे, आणि ते मैलांबरोबरच मुक्कामांत मोजले असता अधिक बोलते, कारण प्राचीन माणसानेही ते तसेच मोजले होते. फोर्ट अब्बासच्या खाली, बहावलपूरच्या हद्दीत, स्टाईन यांना प्रागैतिहासिक खापरांची स्थळे मिळाली. बिकानेरकडील टेकाडे मात्र ऐतिहासिक काळातील असावीत, असा त्यांचा कल राहिला. त्यांचा निबंध १९४२ मध्ये लंडनच्या ‘जिऑग्राफिकल जर्नल’मध्ये आला; २६ ऑक्टोबर १९४३ रोजी काबूल येथे ते निवर्तले. शोधयात्रेचा संपूर्ण वृत्तान्त ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हावयास १९८९ साल उजाडले.

बिकानेरविषयीचा स्टाईन यांचा तर्क टिकला नाही. जमिनीवरून केलेली पाहणी आपोआप अचूक ठरते, असा समज कोणी करून घेऊ नये. पाहणाऱ्याच्या मनात खापरांचा जो परिचय साठलेला असतो तेवढेच त्याला दिसते. १९४७ च्या फाळणीने हडप्पा आणि मोहेंजोदडो पाकिस्तानात गेली. भारताच्या वाट्याला रंगपूर व कोटला निहंग यांसारखी मोजकी स्थळे उरली. या परिस्थितीत अमलानंद घोष यांनी १९५० पासून घग्गर आणि तिला मिळणारी चौतंग (प्राचीन दृषद्वती ती हीच, असे मानतात) यांच्या खोऱ्यांची पाहणी हाती घेतली. स्टाईन ज्या पट्ट्यातून गेले होते त्याच पट्ट्यात घोष यांना हडप्पाकालीन अशी सुमारे २५ स्थळे सापडली. कालीबंगा त्यांपैकी एक. हस्तिनापूरच्या उत्खननामुळे ज्यांना नुकतेच महत्त्व आले होते ती चित्रित करडी खापरे, आणि रंगमहलच्या नावाने ओळखली जाणारी ऐतिहासिक काळातील खापरे, हे आणखी दोन थर त्यांनी वेगळे केले. टेकाडे तीच होती. खापरे वाचण्याची विद्या मात्र दहा वर्षांत पुढे गेली होती. यातही मौज अशी, की टेस्सितोरींच्या जुन्या तर्काला यामुळे तीस वर्षांनंतर दुजोरा मिळाला.

पुढे १९६०-६१ पासून नऊ हंगाम कालीबंगा येथे ब्रजवासी लाल व बाळकृष्ण थापर यांनी उत्खनन केले. तापीकाठच्या प्रकाशे येथील १९५५ च्या उत्खननामुळे थापर यांचे नाव महाराष्ट्रातील अभ्यासकांना परिचित आहे. वस्तीच्या आग्नेयेस, तटबंदीच्या बाहेर, त्यांना हडप्पापूर्व काळातील नांगरलेले शेत मिळाले. पूर्व-पश्चिम तासे सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर, उत्तर-दक्षिण तासे सुमारे १९० सेंटिमीटर अंतरावर. अशी आडवी-उभी तासे घालून एकात कुळीथ आणि दुसऱ्यात मोहरी घेण्याची रीत त्या परिसरात अजूनही आढळली. हे साम्य दिसण्यासाठी उत्खनन करणाऱ्याने शेजारच्या चालू शेताकडे पाहिलेले असावे लागते.

उपग्रहांच्या छायाचित्रांनी १९७० नंतर या नदीच्या अभ्यासाला नवे वळण दिले. १९७९-८० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या लँडसॅटवर आधारित निबंधांतून जुन्या पात्रांचे जाळे प्रथमच एकसंध दिसले. सतलजचा एक जुना ओघ घग्गरला मिळत होता, हे अनुमान बळावले. येथवर ठीक. परंतु पात्र दिसणे आणि त्या पात्रातून अमुक शतकात पाणी वाहत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत विद्वानांच्या लेखनातही झाली, लोकप्रिय लेखनात तर फारच झाली. पात्राचा काळ ठरविण्यासाठी पुन्हा जमिनीवर उतरून गाळाचे नमुने खोलवरून काढावे लागले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासानुसार सतलजने हा मार्ग सुमारे ८००० वर्षांपूर्वी, म्हणजे हडप्पाकालीन नगरे वसण्याच्या फार पूर्वी, सोडला होता. वस्त्या उभ्या राहिल्या त्या महानदीने मागे ठेवलेल्या खोऱ्यात. २०१९ मधील दुसऱ्या अभ्यासाने मात्र सुमारे ४५०० वर्षांपूर्वीपर्यंत येथे बारमाही प्रवाह होता, असे प्रतिपादन केले. हा वाद मिटलेला नाही. ऋग्वेदातील सरस्वती ती हीच काय, हा प्रश्न त्याहून निराळा आहे आणि तो गाळाच्या नमुन्यांनी सुटणारा नाही. अवेस्तातील ‘हरख्वैती’ हे नाव ध्वनिनियमांनुसार ‘सरस्वती’चेच रूप असून ते अफगाणिस्तानातील नदीला लावलेले आहे. नद्यांची नावे बोलणाऱ्यांबरोबर प्रवास करतात. हरियाणातील एक लहान प्रवाह आजही लोकांच्या तोंडी ‘सरसुती’ आहे, हेही विसरता येत नाही. १९८५ मध्ये वि. श्री. वाकणकर यांनी सरस्वतीच्या मार्गाचा जो भूमार्गाने शोध घेतला, त्याची प्रेरणा या नावातच होती. त्या प्रेरणेमुळे पाहणीला उत्साह लाभला आणि निष्कर्षाला घाईही लाभली.

ज्या विद्यार्थ्याला ही स्थळे आज पाहावयाची आहेत त्याला विमानाची आवश्यकता नाही, सोयही फारशी नाही. बिकानेरहून सुरतगढ, पीलीबंगा, हनुमानगढ असा लोहमार्ग आहे. पीलीबंग्याहून कालीबंगा जवळ पडते, आणि तेथील संग्रहालय १९८३ पासून आहे. सुरतगढला उतरले तर रंगमहल हाताशी. डबा सोडून पायी निघावे आणि पात्राच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर चालत जावे; दोन-चार मैलांच्या रुंदीचा अर्थ पुस्तकातून जेवढा कळत नाही तेवढा त्या तासाभरात कळतो. पावसाळ्यात जाणाऱ्याने मात्र जपावे. २०२३ च्या जुलैत घग्गरला आलेल्या पुराने तिला मृत नदी म्हणणाऱ्यांना चांगलेच चकविले.

हा भूमार्ग अनूपगढपाशी तुटतो. तेथून जवळच बिंजोर येथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने गेल्या दशकात हडप्पाकालीन स्थळाचे उत्खनन केले. पुढे सरहद्दीचे कुंपण आहे. स्टाईन एका हिवाळ्यात नदीचे दोन्ही भाग पाहून गेले, तसे १९४७ नंतर कोणाही संशोधकाला करता आलेले नाही. पलीकडच्या भागाची पद्धतशीर पाहणी मोहम्मद रफीक मुगल यांनी १९७४ ते १९७७ या काळात केली. त्यांनी ४१४ स्थळे नोंदविली, त्यांत परिपक्व हडप्पाकाळाची १७४. गनवेरीवाला हे मोठे नगर त्यांतलेच. उपग्रहाला कुंपण आडवे येत नाही, आणि या एका बाबतीत त्याचा अधिकार पायी चालणाऱ्यापेक्षा निःसंशय मोठा आहे. पण खापरे उपग्रहाला दिसत नाहीत. हडप्पापूर्व काळातील खापरांना अलीकडे घोष यांनी दिलेले ‘सोथी’ हे नाव चालते, पलीकडे मुगल यांनी दिलेले ‘हाकडा’; ही दोन नावे किती अंशी एकाच परंपरेची आणि किती अंशी दोन परंपरांची आहेत, हे ठरविण्यासाठी दोन्ही बाजूंची खापरे शेजारी शेजारी मांडून, हातात घेऊन पाहणे अवश्य आहे. नदीचेही तसेच. इकडे घग्गर, तिकडे हाकडा; विद्वानांनी दोन्ही नावे संयोगचिन्हाने जोडली आहेत, आणि सध्या तरी त्या दोन काठांमधला चालू मार्ग तेवढाच आहे.